पुस्तक मिटू नका

नागपूरच्या रामदासपेठेत सकाळपासूनच बाहेरगावच्या गाड्या लागलेल्या असतात. गोंदिया, यवतमाळ, गडचिरोली, पलीकडे छिंदवाडा-बालाघाट, कुठून कुठून माणसं इथल्या दवाखान्यांत येतात. त्यांत डोळ्यांचे रुग्ण पुष्कळ. मोतीबिंदू असला तर शस्त्रक्रिया होते आणि माणूस पुन्हा पेपर वाचू लागतो. पण काचबिंदूने नस सुकली असेल किंवा मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब झाला असेल, तर गेलेली नजर बहुधा परत येत नाही. डॉक्टर तसं स्पष्ट सांगतात. घरी परतल्यावर कुणी काही बोलत नाही, पण एक गोष्ट ठरून जाते: आता यांचं वाचन संपलं. चष्मा खणात जातो, वाचनालयाची वर्गणी थांबते, आणि जन्मभर वाचत आलेला माणूस दिवसभर टीव्हीचा आवाज ऐकत बसून राहतो.

अशा घरांना माझं कळकळीचं सांगणं आहे की वाचन एवढ्यात संपवू नका. तुमच्या खिशात जो साधा अँड्रॉइड फोन आहे, तो मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. त्यासाठी नवीन यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. घरातल्या कुणीतरी तासभर शेजारी बसायला मात्र हवं.

त्या तासात करायचं काय, ते सांगतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा विभाग असतो. मजकूर वाचणाऱ्या आवाजाची म्हणजे टेक्स्ट-टू-स्पीचची सोय तिथे किंवा भाषेच्या विभागात सापडते. तिथे मराठी निवडा आणि मराठी आवाज डाउनलोड करून ठेवा, म्हणजे नेट नसलं तरी वाचन अडत नाही. थोडंफार दिसत असेल तर 'सिलेक्ट टू स्पीक' पुरतं: त्याचं बटण दाबून पडद्यावरच्या मजकुराला बोट लावलं की फोन तो वाचतो. अजिबात दिसत नसेल तर 'टॉकबॅक' सुरू करावं लागतं. पण ते सुरू झालं की फोनची रीतच बदलते. एकदा बोट लावलं की फोन फक्त सांगतो, उघडण्यासाठी दोनदा टिचकी मारायची, आणि पान सरकवायला दोन बोटं लागतात. डोळस मुलगा-सून इथेच घाबरतात, फोन बिघडला असं समजून बंद करून टाकतात. म्हणून आधी स्वतः शिका, मग बाबांना शिकवा. आयफोन असेल तर त्यात २०२२ पासून मराठी आवाज आहे. 'स्पीक स्क्रीन' सुरू करून दोन बोटं वरून खाली ओढली की समोरचं पान ऐकू येतं.

शिकवताना फोन त्यांच्या हातातून काढून घेऊ नका. सत्तरीतलं बोट अडखळतं, भलतंच काहीतरी उघडतं, पुन्हा मागे यावं लागतं. येऊ द्या. वेग सुरुवातीला कमी ठेवा. पहिल्या दिवशी कादंबरी लावू नका. रोजची बातमी लावा किंवा एखादी ओळखीची गोष्ट लावा, म्हणजे एखादा शब्द निसटला तरी अर्थ सुटत नाही.

आवाज कोरडा आहे अशी तक्रार पहिल्याच दिवशी येईल, आणि ती खरी आहे. चमच्यातला च आणि चंद्रातला च यंत्र कधी कधी सारखाच उच्चारतं, कवितेत भलतीकडे थांबतं, 'डॉ.' आणि 'इ.स.' वर ठेचकाळतं. तरी आठवडाभर धीर धरा. कानाला सवय झाली की आवाज मागे पडतो आणि मजकूर पुढे येतो. वर्षानुवर्षं असं वाचणारे दृष्टिहीन विद्यार्थी ज्या वेगाने ऐकतात, त्या वेगात आपल्याला एक वाक्य धड कळणार नाही.

माणसाच्या आवाजाची गोडी वेगळी, हे मान्यच. मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडने १९६३ साली बोलत्या पुस्तकांचं ग्रंथालय सुरू केलं. तेव्हापासून कितीतरी स्वयंसेवकांनी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित केली. ते काम मोठं आहे आणि चालूच राहायला हवं. पण कुणी वाचून देईल तेवढंच वाचायचं, त्याला वेळ असेल तेव्हाच वाचायचं, असं किती दिवस चालणार? बँकेचा मेसेज, मुलीचं खासगी पत्र, औषधाच्या खोक्यातला कागद, रात्री दोन वाजता झोप येत नाही म्हणून हाताशी घेतलेलं पुस्तक, हे सगळं दुसऱ्याच्या तोंडून का ऐकावं? एखादा परिच्छेद चारदा ऐकायचा असेल तर यंत्र कंटाळत नाही. नातवाला मात्र चौथ्यांदा वाच म्हणताना आजोबांना संकोच वाटतो.

मूल जन्मापासून अंध असेल तर मात्र आवाजावर भागवू नका. त्याला ब्रेल शिकवाच. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ नुसतं ऐकून कळत नाही, ते बोटाखालीच कळतं. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये 'स्पर्शज्ञान' हे मराठीतलं ब्रेल पाक्षिक सुरू केलं, ते ब्रेल वाचणाऱ्यांसाठीच. ब्रेल आणि आवाज दोन्ही हवेत. उतारवयात नजर गेलेल्याला ब्रेल शिकणं जड जातं, म्हणून त्याच्यासाठी आवाज अधिक जवळचा.

आता पुस्तकं कुठून आणायची? ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून मिळतात. 'सुगम्य पुस्तकालय' हे दृष्टिहीनांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालयही त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. केंद्र सरकारचा दिव्यांग विभाग, डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टीसीएस यांनी मिळून ते उभं केलं. सभासद व्हायला अपंगत्वाचा पुरावा लागतो. नागपुरात प्रमाणपत्रासाठी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत चकरा माराव्या लागतील. त्या मारा, कारण तो कागद पुढे बऱ्याच ठिकाणी उपयोगी पडतो.

फक्त वाचनासाठीचं ई-रीडर यंत्र घ्यायचा विचार असेल तर घाई करू नका. यंत्र इंग्रजी छान वाचतं म्हणजे मराठीही वाचेल, असं गृहीत धरू नका. आधी त्यात मराठी पुस्तक उघडून स्वतःच्या कानाने ऐका. ई-पुस्तक विकत घेतानाही आधी फुकट नमुना उतरवून तो फोनला वाचता येतो का ते बघा.

आवाज यंत्रात असूनही माणसांनी तो बंद केल्याचं उदाहरणही आहे. २००९ च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनने किंडल या ई-रीडरची दुसरी आवृत्ती आणली, तीत पुस्तक मोठ्याने वाचण्याची सोय होती. अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने हरकत घेतली, ध्वनिपुस्तकांचे हक्क वेगळे आहेत म्हणून. ॲमेझॉनने माघार घेतली आणि एकेका पुस्तकाचा आवाज बंद ठेवायची मुभा प्रकाशकांना दिली. त्या एप्रिलमध्ये अंध वाचक न्यूयॉर्कच्या रस्त्यावर निदर्शनाला उतरले. किंडलवर पाठ्यपुस्तकं द्यायचा प्रयोग करणाऱ्या अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठावर अंधांच्या संघटनांनी त्याच वर्षी दावाही लावला. त्यांचं म्हणणं असं की यंत्र पुस्तक वाचून दाखवतं, पण पुस्तकापर्यंत पोचवणारे मेनू मुके आहेत, मग अंध विद्यार्थी ते उघडणार कसा? मराठी पुस्तकांची ॲप बनवणाऱ्यांनी हा प्रश्न रोज स्वतःला विचारावा. ॲप तयार झालं की डोळे मिटून टॉकबॅकवर एक पुस्तक शोधून उघडून बघा. तुम्हाला जमलं नाही तर ॲप अजून तयार झालेलं नाही.

आपल्याकडे कायदा वाचकाच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत तिच्या खासगी वापरासाठी किंवा अभ्यासासाठी करून देणं तेव्हापासून गुन्हा नाही. दृष्टिहीनांच्या पुस्तकांसाठी मराकेश इथे २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, जून २०१४ मध्ये. म्हणजे आईसाठी घरातलं जुनं पुस्तक स्कॅन करून फोनला वाचायला देताना मनात धाकधूक ठेवायचं कारण नाही. तीच फाइल ऑनलाइन सगळ्या जगाला वाटू नका, एवढंच.

स्कॅन करताना पान सपाट ठेवा, उजेड भरपूर घ्या, बोटाची सावली पडू देऊ नका. फोटो गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडला की मराठी मजकूर बऱ्यापैकी सुटा होतो. चुका राहतात: भ चा म होतो, घ चा ध होतो, रफार उडतो. कुणीतरी मूळ पुस्तक समोर ठेवून त्या दुरुस्त करायला हव्यात. रामदासपेठेत, धंतोलीत, बजाजनगरात निवृत्त प्राध्यापक आणि शिक्षक भरपूर आहेत. आठवड्याला दोन तास दिलेत तर एक पुस्तक दोन-तीन महिन्यांत शुद्ध होईल. ज्यांनी जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या, त्यांना हे काम सांगावं लागू नये.

पण मुळात स्कॅन करायची वेळ यावीच का? मराठीतली खरी अडचण इथे आहे, आणि तिची जबाबदारी लिहिणाऱ्या-छापणाऱ्या आपल्या सगळ्यांवर आहे. कितीतरी पुस्तकं, स्मरणिका, दिवाळी अंक अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवले जातात. पडद्यावर सुंदर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा काला असतो, आणि फोन तोच वाचतो. पारख सोपी आहे. पीडीएफमधल्या एखाद्या ओळीवर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला नाही तर तो नुसता फोटो आहे. निवडला गेला तर कॉपी करून व्हॉट्सॲपच्या चौकटीत चिकटवा. मराठी उमटलं तर फाइल चांगली. अगम्य अक्षरं उमटली तर दृष्टिहीन वाचकाच्या दृष्टीने ते पुस्तक निघालेलंच नाही. प्रकाशकाकडे हस्तलिखित देताना लेखकांनी आग्रह धरावा: जुळणी युनिकोडमध्ये, ई-आवृत्ती ईपबमध्ये, प्रकरणांची शीर्षकं शीर्षक म्हणूनच नोंदलेली, चित्राखाली दोन ओळींचं वर्णन. विदर्भ साहित्य संघासारख्या १९२३ पासून उभ्या असलेल्या संस्थांनी आपल्या प्रकाशनांपासून सुरुवात केली, तर वैदर्भी लेखन या वाचकांपर्यंत थेट पोचेल.

तुम्ही लेखक-प्रकाशक नसलात तरी एक काम आजपासून करा. लेखाचा, कवितेचा, सोसायटीच्या सूचनेचा, तेराव्याच्या निरोपाचा फोटो ग्रुपवर टाकू नका, तो मजकूर टाइप करून टाका. फोटोच पाठवायचा असेल तर खाली चार ओळींत आशय लिहा. ग्रुपमध्ये कुणाची नजर अधू आहे, हे बरेचदा आपल्याला माहीत नसतं, कारण ती माणसं सांगत नाहीत.

इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनाही हात जोडून विनंती आहे. तुमच्यापाशी वेळ थोडा आणि बाहेर रांग मोठी, हे आम्ही रोज बघतो. पण 'आता यापुढे औषध नाही' हे सांगण्याची वेळ आली की त्याच चिठ्ठीवर एक ओळ लिहून द्या: फोनवर मराठी आवाज सुरू करून वाचन चालू ठेवणे. घरचे लोक आमचं ऐकणार नाहीत, डॉक्टरांच्या अक्षरातलं मात्र पाळतील. बाहेर बसणाऱ्या मदतनिसाने ही सोय फोनवर लावून द्यायला शिकून घेतलं, तर आणखी उत्तम.

आणि नागपूर विद्यापीठाचं ग्रंथालय रामदासपेठेतच आहे. तिथे जाऊन विचारा, दृष्टिहीन वाचकासाठी पडदा वाचणारा संगणक आहे का? असेल तर ज्याला गरज आहे त्याला सोबत घेऊन जा. नसेल तर ग्रंथपालांच्या नावे लेखी अर्ज द्या. मागणं थोडं आहे: मराठी आवाजासह एनव्हीडीए बसवलेला एक संगणक, एक स्कॅनर, हेडफोनचे दोन जोड, आणि हे सगळं वापरता येणारा एक कर्मचारी. एनव्हीडीए हे पडदा वाचणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ माहिती सगळ्यांना वापरता येईल अशा रूपात देण्याबद्दल आहे, त्याचा उल्लेख अर्जात करा. पोच घ्यायला विसरू नका, आणि महिनाभराने पुन्हा जा.