टेबलाच्या अलीकडे आल्यानंतर

कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेतलेले बाबासाहेब 1917 मध्ये बडोदा संस्थानाच्या सेवेत रुजू झाले. कचेरीतील शिपाई विटाळाच्या भीतीने त्यांच्या टेबलावर लांबूनच फायली फेकत असत. हा प्रसंग आपण वसतिगृहात कितीदा ऐकला आहे! प्रत्येक वेळी आपला संताप फाईल फेकणाऱ्या हातावर होता. आज आपणांस विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. ती फाईल आता आपल्या हाती आली आहे. ती आपण समोरच्या माणसाला कशी देतो?

संविधानाच्या अनुच्छेद 16 ने शासकीय सेवेत समान संधीची हमी दिली. त्या बळावर आपल्यातील कोणी तलाठी, कोणी लिपिक, कोणी तहसीलदार झाले. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वडिलांचे बोट धरून कचेरीच्या व्हरांड्यात ताटकळलेली मुले ती हीच. तेव्हा ‘उद्या या’ या दोन शब्दांनी घरातील एका दिवसाची मजुरी बुडत असे. ते शब्द आज आपल्याच तोंडी येत असतील, तर आपण केवळ टेबलाची बाजू बदलली, दुसरे काही बदलले नाही.

राज्याचे 1979 चे वर्तणूक नियम कर्मचाऱ्याकडून नितांत सचोटी व कर्तव्यपरायणता मागतात. कर्तव्यातील विलंबास प्रतिबंध करणारा 2005 चा अधिनियम सांगतो की, सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहू नये. तथापि कायदा दिवस मोजतो, आवाजातील तुच्छता मोजत नाही. निरक्षर आजीला बसावयास खुर्ची देणे, तिचा अर्ज वाचून दाखवणे, अपुरा कागद पहिल्याच भेटीत सांगणे, हे कोणत्याही नियमाने घडत नाही. ते शीलातून घडते.

रिक्त पदांचा भार आहे, वरिष्ठांचा दबाव आहे, आणि पाठीमागे जातीवरून होणारी कुजबुजही आहे, हे आम्ही नाकारीत नाही. त्या कुजबुजीला नेमून दिलेले काम चोख करण्याइतके दुसरे खणखणीत उत्तर नाही. समाजबांधवांनाही एक नम्र विनंती आहे. ‘आपला साहेब आहे, रांग कशाला?’ ही अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. रांग मोडून केलेले उपकार रांगेतल्या दुसऱ्या गरिबाचा हक्क हिरावतात, आणि तो गरीबही बहुधा आपल्यापैकीच असतो. समाजाचे ऋण फेडावयाचे असेल, तर सुटीच्या दिवशी वस्तीत जाऊन शिष्यवृत्तीची मुदत सांगावी, जात वैधता प्रमाणपत्राचे अर्ज वेळेत भरून घ्यावेत.

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्थान दिले. लाच न घेणे हा तिचा प्रारंभ होय, पूर्णता नव्हे. वेतन घ्यावे आणि गरिबाची फाईल कारणाविना अडवून ठेवावी, तर ती आजीविका सम्यक कशी म्हणावी?

बडोद्यात फेकल्या गेलेल्या त्या फायलींचे उत्तर आपण दोन्ही हातांनी, आदराने पुढे केलेल्या कागदाने देऊ या. या विद्यालयाने दिलेल्या संस्कारांची खरी परीक्षा तिथेच, टेबलापाशी, रोज होत असते.