फी नको, पण शेंगा?



शार्लमेन राजाचं नाव आपण इतिहासात एका ओळीत वाचून पुढे जातो. त्याच्या दरबारात थिओडल्फ नावाचा विद्वान कवी होता. मूळचा स्पेनकडचा, पुढे फ्रान्समधल्या ऑर्लेआँचा बिशप झाला. इ. स. ८०० च्या सुमारास त्याने आपल्या हाताखालच्या धर्मगुरूंसाठी नियम लिहिले. त्यातला एक डीएडला कुणी शिकवला असता तर बरं झालं असतं. गावोगावी शाळा चालवा, कोणी मूल अक्षरं शिकायला आणलं तर नाही म्हणू नका, फी मागू नका. आईवडील प्रेमाने आपणहून देतील तेवढंच घ्या.

बाराशे वर्षांपूर्वी! आपल्याकडे ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ चा.

पण 'आपणहून' हा शब्द मोठा फसवा आहे बरं का. थिओडल्फला ते चांगलं ठाऊक असणार. ७९८ मध्ये राजाने त्याला दक्षिणेकडच्या मुलखात न्यायदानाची पाहणी करायला पाठवलं. लोक चांदीची भांडी, उंची कापड, कोर्दोबाचं कमावलेलं कातडं घेऊन यायचे. काम आपल्या बाजूने व्हावं म्हणून. ते त्याने नाकारलं आणि न्यायाधीशांना सुनावणारी लांबलचक कविता लिहिली. मात्र त्याच कवितेत तो सांगतो की फळं, अंडी, पाव, कोंबड्या असलं किरकोळ घेतलं. त्या कबुलीमुळेच मला हा माणूस आवडला. (पुढे राजाविरुद्धच्या कटाचा आरोप येऊन ८१८ मध्ये त्याचं पद गेलं, तो वेगळा विषय.)

माझ्याही टेबलावर शेंगा येतात, हुरडा येतो. मी घेते. नाही म्हटलं तर ती आई दुखावते. मागच्या वर्षी एका घरून साडी आली, "बाई, आमच्या बाळाकडे जरा लक्ष असू द्या" म्हणत. साडी मी परत केली. ते लोक आजही नीट बोलत नाहीत. साडीचं सोपं होतं हो. शेंगा आणणाऱ्या मुलाची वही मी आधी तपासते का, हे एकदा स्वतःला विचारलं आणि उत्तर काही लगेच देता आलं नाही. ज्याच्या घरी शेतच नाही, ते पोर हे सगळं बघत असतं.

म्हणून आता पिशवी वर्गातच उघडते, सगळ्यांना वाटते. पालकांनो, शेंगा जरूर पाठवा. फक्त कोणी पाठवल्या ते सांगू नका.