अपग्रेड केले, मेल अडली: दोष कुणाचा?

रात्री कार्यालयाचा मेल सर्व्हर अपग्रेड होतो. सकाळी कुणाची निविदा पोहोचलेली नसते, कुणाचे बिल परत आलेले असते. सेटिंगला कुणीच हात लावलेला नसतो. मग बदलले काय? बदललेले असते ‘डिफॉल्ट’, म्हणजे आपण काहीच सांगितले नाही तर सॉफ्टवेअर जे गृहीत धरते ते.

‘पोस्टफिक्स’ या मुक्त मेल सर्व्हरचे उदाहरण पाहा. वीत्से वेनेमा यांनी सुरू केलेले हे सॉफ्टवेअर २.८ आवृत्तीपर्यंत, वेगळे सांगितले नाही तर, फक्त आयपीव्ही-४ वापरत असे. २०१२ मध्ये आलेल्या २.९ पासून आयपीव्ही-४ आणि आयपीव्ही-६ हे दोन्ही प्रोटोकॉल डिफॉल्ट झाले.

बदल गरजेचा होता. आयपीव्ही-४ मध्ये पत्ते जेमतेम ४३० कोटी; ते जगाला अपुरे पडू लागले होते. पण ज्या सर्व्हरला बाहेर जायला आयपीव्ही-६ची वाटच नाही, तो त्या बंद वाटेवर प्रयत्न करत बसतो आणि मेल रेंगाळते. वाट असली, तरी नव्या पत्त्याची रिव्हर्स डीएनएस नोंद नसेल किंवा एसपीएफमध्ये तो पत्ता नसेल, तर जीमेलसारखी सेवा मेल नाकारू शकते.

पोस्टफिक्सने यावर तोडगा काढला. जुन्या सर्व्हरवर ही सेटिंग लिहिलेली नसेल, तर अपग्रेडची कमांडच कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘आयपीव्ही-४’ अशी ओळ घालते. नव्यांना नवा नियम, जुन्यांचे काम जसेच्या तसे. मात्र जुनी फाइल नुसतीच नव्या मशीनवर कॉपी केली, तर ही ओळ येत नाही आणि नवा डिफॉल्ट लागू होतो. उलट, एकदा आलेली ओळ कुणी पाहिलीच नाही, तर आयपीव्ही-६ मिळाल्यावरही सर्व्हर वर्षानुवर्षे आयपीव्ही-४वरच राहतो.

म्हणून दोघांनीही आपली जबाबदारी ओळखावी. ॲडमिनने रिलीज नोट्स वाचाव्यात, अपग्रेडच्या आधी आणि नंतर ‘पोस्टकॉन्फ’ कमांडने सेटिंग्ज ताडून पाहाव्यात आणि हवा तो प्रोटोकॉल फाइलमध्ये स्पष्ट लिहावा. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी डिफॉल्ट जरूर बदलावेत, पण ग्राहकाचे मौन ही संमती समजू नये. कारण अडलेल्या मेलची किंमत सेटिंग बदलणारा मोजत नाही. ज्याची निविदा हुकते, तो मोजतो.