खुर्च्या त्यांच्या, हिशेब आपला

२०२४ ची दिवाळी नुकतीच सरली होती. विधानसभेच्या प्रचाराच्या गाड्या मंचर-घोडेगाव रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ ओरडत फिरत होत्या. आमच्या बचत गटाची महिन्याची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीत लिहिले गेले, सह्या-अंगठे झाले. चहा आला आणि गप्पांची गाडी साहजिकच निवडणुकीवर गेली. कोपऱ्यात बसलेल्या एका मावशींनी मला विचारलं, "ताई, मागच्या येळला मी घड्याळाला मत दिलं व्हतं. आता घड्याळवाले म्हनत्यात आमी खरे, तुतारीवाले म्हनत्यात आमी खरे. मंग माझं मत गेलं कुनाकडं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी येईपर्यंत तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. बी.ए.ला राज्यशास्त्र शिकले, वीस वर्षं बायकांच्या बैठका घेते, तरी मावशींना एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. म्हणून त्या रात्री एक वही घेतली आणि २०१९ ते २०२४ या पाच वर्षांचा जमाखर्च मांडायला बसले. मैत्रिणींनो, तो आज तुमच्यापुढे ठेवतेय.

सुरुवात २४ ऑक्टोबर २०१९ ची. निकाल लागला. २८८ जागांपैकी भाजपला १०५, शिवसेनेला ५६, राष्ट्रवादीला ५४ आणि काँग्रेसला ४४. भाजप-शिवसेना एकत्र लढले होते, पण मुख्यमंत्रिपदावरून फाटलं. राष्ट्रपती राजवट आली. मग २३ नोव्हेंबरला सकाळी आपण दूध तापवत होतो, तेव्हा टीव्हीवर देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री आणि अजित पवार उपमुख्यमंत्री झालेले दिसले. ते सरकार चौथ्या दिवशी गेलं. २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे यांनी शपथ घेतली. जून २०२२ मध्ये शिवसेनेत बंड झालं, २९ जूनला ठाकरे यांनी राजीनामा दिला आणि ३० जूनला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. त्यानंतर २ जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटली आणि अजित पवार त्याच सरकारात उपमुख्यमंत्री झाले.

म्हणजे एकाच विधानसभेत तीन मुख्यमंत्री. फडणवीस आधी मुख्यमंत्री, मग विरोधी पक्षनेते, मग उपमुख्यमंत्री. अजित पवार दोनदा उपमुख्यमंत्री, मग विरोधी पक्षनेते, पुन्हा उपमुख्यमंत्री. आपल्या लग्नाकार्यात पंगतीला वाढणारे आणि जेवणारे बदलत राहतात ना, तसं. फरक एवढाच की लग्नात यजमान कोण ते ठाऊक असतं. इथे यजमान म्हणजे मतदार, आणि त्याला मधल्या काळात कुणी विचारलंच नाही.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे येऊ. आंबेगावातून दिलीप वळसे पाटील १९९० पासून निवडून येतात. २००९ ते २०१४ ते विधानसभेचे अध्यक्ष होते. ३० नोव्हेंबर २०१९ ला ठाकरे सरकारने बहुमत सिद्ध केलं, त्या दिवशी हंगामी अध्यक्ष म्हणून खुर्चीवर तेच बसले होते. पुढे ते मंत्री झाले, एप्रिल २०२१ मध्ये गृहमंत्री झाले, सरकार गेल्यावर वर्षभर विरोधी बाकांवर बसले आणि जुलै २०२३ मध्ये नव्या सरकारात सहकारमंत्री झाले. मंचरच्या सभेत त्यांनी या निर्णयामागे डिंभे धरणाच्या पाण्याचा आणि बोगद्याचा प्रश्नही सांगितला. पाणी हे आपल्याकडे राजकारणाचं कारण असतंच, ते खोटं नाही. पण अशा निर्णयाआधी गावोगावच्या मतदाराशी एकदा बोलायला हवं होतं असं मावशींना वाटलं, तर त्यांचं काय चुकलं?

जुन्नरची गोष्ट आणखी गमतीची. २०१४ मध्ये शरद सोनवणे मनसेचे म्हणून निवडून आले. २०१९ मध्ये ते शिवसेनेकडून लढले आणि राष्ट्रवादीचे अतुल बेनके जिंकले. पक्ष फुटल्यावर बेनके यांनी आधी तटस्थ राहतो असं सांगितलं, नंतर २०२४ ला ते अजित पवारांच्या पक्षाकडून उभे राहिले. त्या वेळी सोनवणे अपक्ष लढले आणि जिंकले. आंबेगावातही २०२४ ला वळसे पाटील आठव्यांदा आले खरे, पण अवघ्या दीड हजाराच्या आसपास मतांनी. मतदार बोलत नाही, पण वहीत लिहून ठेवतो, हे दोन्ही तालुक्यांनी दाखवलं.

"मग पक्षबदलूंना शिक्षा नाही का?" असं माझ्या सूनबाईने विचारलं. आहे ना. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी कायदा आला. आधी एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं, ती पळवाट २००३ मध्ये बंद झाली. पण आमदार अपात्र की पात्र, हे ठरवायचा पहिला अधिकार विधानसभेच्या अध्यक्षांचा. म्हणून ती खुर्ची महत्त्वाची, आणि याच मुदतीत ती खुर्चीच रिकामी होती! नाना पटोले यांनी ४ फेब्रुवारी २०२१ ला अध्यक्षपद सोडलं. त्यानंतर ३ जुलै २०२२ ला राहुल नार्वेकर निवडून येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ सतरा महिने, उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी काम चालवलं. विधान परिषदेतही तेच. जुलै २०२२ मध्ये सभापतिपद रिकामं झालं ते डिसेंबर २०२४ पर्यंत रिकामंच राहिलं आणि उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी सभागृह सांभाळलं. काम बाईने करायचं आणि पूर्ण पदाची खुर्ची मोकळी ठेवायची, ही रीत आपल्या ओळखीची आहे, नाही का?

सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला सांगितलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चुकीचं होतं, पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, त्यामुळे त्यांना परत आणता येणार नाही. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनीच वाजवी वेळेत घ्यावा. शिवसेनेचा निर्णय १० जानेवारी २०२४ ला आला, राष्ट्रवादीचा १५ फेब्रुवारी २०२४ ला. दोन्हीत कोणत्याही गटाचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. कुणाची बाजू बरोबर यावर घरोघरी वाद होतील, तो माझा विषय नाही. मला खटकतो तो वेळ. बंडानंतर दीड वर्षाने निर्णय आला, तोवर मुदतीची चार वर्षं उलटून गेली होती. उशिरा शिजलेला भात उपाशी निजलेल्या पोराच्या काय कामाचा?

आता आपला, बायकांचा रकाना. २०१९ मध्ये २४ महिला आमदार निवडून आल्या. तोवरचा तो सर्वात मोठा आकडा, म्हणून कौतुक झालं. पण २८८ मध्ये २४ म्हणजे बारात एक. पुणे जिल्ह्याच्या २१ जागांमध्ये दोघी, पर्वतीच्या माधुरी मिसाळ आणि कसब्याच्या मुक्ता टिळक. दोघीही शहरातल्या. मुक्ताताई २०२२ मध्ये गेल्या. पोटनिवडणुकांत जयश्री जाधव, ऋतुजा लटके आणि आपल्या जिल्ह्यातल्या चिंचवडच्या अश्विनी जगताप आल्या. तिघींच्याही पतीच्या निधनाने ती जागा रिकामी झाली होती. त्यांच्या दुःखाबद्दल आणि कामाबद्दल आदरच आहे, पण पक्षांना बाईची आठवण अशाच वेळी का यावी? जुन्नरमध्ये जिल्हा परिषदेत काम केलेल्या आशा बुचके २०१४ ला शिवसेनेकडून आणि २०१९ ला अपक्ष लढल्या, पण विधानसभेचा उंबरा काही ओलांडता आला नाही.

मंत्रिमंडळाचं तर विचारूच नका. ठाकरे सरकारात वर्षा गायकवाड, यशोमती ठाकूर आणि राज्यमंत्री म्हणून आदिती तटकरे होत्या. ३० जून २०२२ पासून पूर्ण एक वर्ष महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळात एकही बाई नव्हती. महिला व बालविकास खातंसुद्धा पुरुषाकडे होतं. जुलै २०२३ मध्ये आदिती तटकरे आल्या तेव्हा तो खंड भरला.

डिसेंबर २०२२ मधलं नागपूर अधिवेशन आठवतंय? देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन विधानभवनात आल्या. त्यांच्यासाठी हिरकणी कक्ष झाला, फोटो छापून आले. पुढच्या वर्षी मुंबईच्या अधिवेशनात मात्र त्या कक्षातली धूळ आणि गैरसोय त्यांनाच बोलून दाखवावी लागली. रायगडाचा कडा उतरलेल्या आईचं नाव द्यायचं आणि खोली झाडायची विसरायचं! आमदार बाईची ही गत, तर आपल्या तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर तान्हं बाळ घेऊन बसणाऱ्या बाईचं काय?

या गोंधळात आपल्या कामाचं एक मोठं विधेयक कसं अडकलं तेही पाहा. स्त्रिया आणि मुलांवरच्या अत्याचारांसाठी कडक शिक्षा सांगणारं 'शक्ती' विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडलं गेलं. संयुक्त समितीकडे गेलं, आणि डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. तेव्हा गृहमंत्री आंबेगावचे होते, आम्हाला कोण अभिमान! मग ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं आणि ती विधानसभा संपली तरी कायदा काही झाला नाही. पाठपुरावा करणारी माणसंच दर वर्षा-दीड वर्षाला खुर्च्या बदलत असतील, तर कागद टेबलावरून पुढे सरकणार कसा?

आणि मुदतीच्या अगदी शेवटी, २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात, 'लाडकी बहीण' आली. अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईला महिन्याला १,५०० रुपये. आमच्या गटातल्या कित्येकींच्या नावावर पहिल्यांदा स्वतःचे पैसे जमा झाले. औषध आलं, पोरीची फी भरली गेली. या पैशाला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा बाईच्या रिकाम्या पर्समध्ये हात घालून बघावा. पण बायांनो, पैसा हातात आला म्हणून प्रश्न विचारायचं तोंड बंद होत नाही. तो पैसा कुणाच्या खिशातला नाही, सरकारी तिजोरीतला आहे, आणि तिजोरीत आपल्या साबणावरचा करही आहे.

मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि विधानसभेची मुदत संपेपर्यंत तिथे निवडणूक झालीच नाही. प्रशासकांनी कारभार पाहिला. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत बायकांना निम्म्या जागा आहेत. सरपंच झालेली बाई पुढे पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि मग विधानसभा असं चढू शकते. त्या शिडीची मधली पायरीच काढून घेतली गेली, आणि त्याची ओरड मात्र कुठे फारशी झाली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने विधानसभेतही एक तृतीयांश महिला आरक्षण मंजूर केलं. आपल्या २८८ मध्ये ९६ जागा! पण ते लागू होणार नवी जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर. दरम्यान २०२४ मध्ये महिला आमदार २४ वरून २१ वर आल्या.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते. आमच्या गटाची अध्यक्ष बदलायची तर बैठक बोलवावी लागते, ठराव होतो, सगळ्यांच्या सह्या लागतात, बँकेला कळवावं लागतं. शे-दोनशे रुपयांच्या हप्त्याला एवढी शिस्त, आणि अख्ख्या राज्याच्या कारभाराला नाही? मग आपणच ती शिस्त लावू. आमदार गावात आले की हार घालण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. या अधिवेशनात आमच्या तालुक्याचे किती प्रश्न मांडले? रानात खुरपायला जाताना बिबट्याची भीती, मोटारीची रात्रीची वीज, दवाखान्यात बाईडॉक्टर, यातलं काय बोललात? वर्षाला मिळणाऱ्या पाच कोटींच्या आमदार निधीतलं आमच्या गावात काय आलं? आणि बाजू बदलायची वेळ आली, तर आम्हाला विचारायला येणार का?

पुढच्या बैठकीत मी हे सगळं वाचून दाखवलं. मावशींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजी माझं मत कुनाकडं गेलं ते तुलाबी नाय सांगता यायचं. पर पुढच्या येळला ते कुठं जातंय ते मी इचारीन."

एवढं जरी प्रत्येकीने ठरवलं, तरी वहीचं ते पान फुकट गेलं नाही असं मी समजेन.