चौकटीतील मजकूर आणि मराठी संहिता

मराठीच्या विभागांतून संगणकाचा विचार बहुधा टंकलेखनाच्या सोयीपुरताच केला जातो. प्रबंध सुबक छापून हाती आला की संगणकाचे कार्य संपले, अशी एक समजूत रूढ आहे. शब्दसूची, कोशरचना, पाठभेदांची तुलना, एखाद्या कवीच्या शब्दांची वारंवारिता ही कामे संगणकाच्या साहाय्याने होऊ लागल्यानंतरही ती फारशी बदललेली दिसत नाही. परिणामी एक मूलभूत प्रश्न विचारलाच जात नाही. ज्या चौकटीत अभ्यासक संहिता भरतो, त्या चौकटीच्या लेखी ‘मजकूर’ म्हणजे काय?

ही चौकट प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने सहसा स्वतः घडवलेली नसते. प्रोग्रॅमिंगच्या साधनाबरोबर ती तयार मिळते आणि ‘टेक्स्ट बॉक्स’ या नावाने ओळखली जाते. नाव, पत्ता, फारतर चार ओळींचा शेरा एवढे भरून घेण्यासाठी ती पुरेशी आहे. विंडोज ९५ आणि ९८ यांच्या काळात अशा चौकटीत ६४ किलोबाइटपेक्षा अधिक मजकूर मावत नसे. ज्ञानेश्वरीच्या सुमारे ९ हजार ओव्या एकत्र पाहू इच्छिणाऱ्याला ग्रंथाचे अनेक तुकडे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. चूक झाली तर केवळ शेवटची एक कृती मागे घेता येई. पाठसंपादनासारख्या कामात, जेथे दहा दुरुस्त्यांनंतर पहिलीच दुरुस्ती अनुचित ठरते, तेथे ही सोय नसल्यासारखीच होती.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आपल्या स्वतःच्या मजकुरासाठी मात्र ही चौकट कधीच पुरेशी मानली नाही, ही गोष्ट मार्मिक आहे. संगणकाच्या आज्ञा लिहिण्यासाठी त्यांनी निराळे संपादक घडवले. १९९९ मध्ये आलेला ‘सिंटिला’ हा घटक त्यांपैकीच एक. २००३ मधील ‘नोटपॅड++’ त्यावरच उभा आहे. ओळींचे क्रमांक, घटकांचे रंगभेद, अनेक पायऱ्यांनी मागे जाण्याची सोय हे सारे त्यांत आले, कारण आज्ञांच्या संहितेला व्याकरण असते हे त्यांना ठाऊक होते. इतरांच्या भाषेलाही तसे व्याकरण असते, याची दखल घेण्याचे कारण त्यांना पडले नाही. त्यांना दोष देण्यापेक्षा मराठीच्या अभ्यासकांनी ते कारण त्यांच्यापुढे कधी मांडले होते काय, हे पाहणे अधिक उचित ठरेल.

देवनागरीच्या बाबतीत या उणिवेने गंभीर रूप धारण केले. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तरीही १९९८ मधील व्हिज्युअल बेसिक ६ च्या अंगभूत टेक्स्ट बॉक्समध्ये युनिकोडमधील देवनागरी मजकूर टाकला तर त्याची प्रश्नचिन्हे होत. प्रोग्रॅमच्या पोटात अक्षरे सुरक्षित असत, चौकटीत येताना ती नष्ट होत. मानक होते, परंतु ते स्वीकारणारी चौकट नव्हती. यावर महाराष्ट्रात सर्वत्र जो तोडगा निघाला तो रोमन अक्षरांच्या संकेतांना देवनागरी आकार चढवणाऱ्या फाँटचा. त्यात पडद्यावर मराठी दिसे, साठवले जाई ते रोमन. ‘शिवाजी’त लिहिलेले ‘श्रीलिपी’त वाचता येत नसे. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते म्हणून ती बहुधा आधीच साठवली जाई. अशा मजकुराची अकारविल्हे सूची लावणे म्हणजे केवळ विनोद. त्या काळातील कितीतरी लेखन आज याच अवस्थेत पडून आहे.

आजच्या चौकटी देवनागरी बिनतक्रार दाखवतात, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र अडचण दिसण्यातून मोजण्यात आणि शोधण्यात सरकली आहे. ‘स्त्री’ हे वाचकाच्या दृष्टीने एक अक्षर. जावास्क्रिप्ट त्याची लांबी ६ सांगते. युनिकोडच्या अक्षरविभाजनाच्या नियमांनुसार २०२३ पूर्वी त्याचे ३ खंड पडत. त्या वर्षीच्या १५.१ आवृत्तीपासून १ पडतो. ‘ॲ’ या वर्णाला स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला. त्यामुळे ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला ॲरिस्टॉटल आणि नव्या संकेताने लिहिलेला ॲरिस्टॉटल डोळ्यांना एकच दिसतात, पण साध्या शोधाला ते दोन भिन्न तत्त्वज्ञ वाटतात.

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांतील अर्थभेद तर मराठीचा खास स्वतःचा. हा अर्धा र दोन रीतींनी साठवता येतो आणि त्यांपैकी एका रीतीत एक अदृश्य जोडचिन्ह वापरलेले असते. अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून ती झाडून टाकणारे प्रोग्रॅम पुष्कळ आहेत. तसे झाले की डोंगरातील दऱ्यांचा समुद्र होतो, स्वयंपाक्याचा गुरू होतो, आणि संपादकाला त्याची वार्ताही नसते.

हे तंत्रज्ञांचे काम आहे, ते पाहून घेतील, असे उत्तर यावर दिले जाते. ते टिकणारे नाही. कोणती दोन रूपे एक मानावीत आणि कोणती भिन्न, हा निर्णय पाठचिकित्सेचा आहे. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या छापील ग्रंथांत ‘नाहीं’, ‘कांहीं’ अशी रूपे आहेत. चौकटीतील शोध ‘नाही’ या पूर्ण शब्दासाठी चालवला तर ‘नाहीं’ त्याच्या हाती लागत नाही. एकोणिसाव्या शतकातील गद्यात नकाराची योजना कशी होते हे पाहणाऱ्याला दोन्ही रूपे एकत्र हवीत. त्याच गद्याच्या लेखनपद्धतीचा अभ्यास करणाऱ्याला ती वेगळीच हवीत. हा विवेक यंत्राला सांगावा लागतो, आणि तो सांगू शकेल असा माणूस मराठी विभागातच असावयास हवा.

संशोधनपद्धतीच्या अभ्यासपत्रिकेत हस्तलिखितांची चिकित्सा शिकवली जाते. संगणकावरील संहिताही त्याच कसोटीला लावण्यास प्रत्यवाय नसावा. पोथी कोठे मिळाली, लेखनिक कोण, याचा निर्देश प्रस्तावनेत जसा होतो, तसाच मजकूर कोणत्या संकेतात साठवला, अनुस्वारांचे काय केले, अर्धा र कसा राखला, याचाही व्हावा. आणि वारंवारितेचे तक्ते जोडलेला प्रबंध मौखिक परीक्षेला आला, तर त्याच्या प्रोग्रॅमने ‘स्त्री’ची अक्षरे किती मोजली, एवढे परीक्षकाने विचारावे. उत्तर सहा, तीन किंवा एक यांपैकी काहीही असू शकते, आणि प्रत्येक उत्तरागणिक तक्ता निराळा होतो.