४के टीव्ही आधी घ्यावा की डोळे आधी तपासावेत?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याच दिवशी नंबरच्या चष्म्यावरचा करही १२ वरून ५ टक्के झाला. पहिल्या बातमीच्या जाहिराती सगळीकडे झळकल्या. दुसरी बातमी फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या विसरवाडीसारख्या बाजाराच्या गावातही आता ४३ इंची ४के टीव्ही घ्यायचा विचार घरोघरी होतो. त्यासोबत डॉक्टरांना एक प्रश्न हमखास विचारला जातो: "जास्त पिक्सेलचा टीव्ही घेतला तर डोळ्यांना त्रास कमी होईल का?"

थोडक्यात उत्तर: नाही. का, ते समजून घेऊ.

डोळ्याची मर्यादा किती?

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे बनलेले असते. मात्र डोळ्याच्या दृष्टीने टीव्हीत एकूण किती पिक्सेल आहेत याला फारसे महत्त्व नाही. नजरेच्या एका अंश कोनात किती पिक्सेल येतात, हे महत्त्वाचे. त्यामुळे पडद्याचा आकार आणि तुमचे अंतर, दोन्ही धरावे लागतात.

तपासणीच्या तक्त्यावर ६/६ नजर म्हणजे अंशाला सुमारे ६० पिक्सेल वेगळे ओळखण्याची क्षमता. केंब्रिज विद्यापीठ आणि मेटा रिॲलिटी लॅब्सच्या संशोधकांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात नवी मोजणी प्रसिद्ध केली. पुढे-मागे सरकणारा पडदा वापरून १८ जणांची नजर तपासली. करड्या चित्रासाठी सरासरी मर्यादा ९४ निघाली, लाल-हिरव्यासाठी ८९ आणि पिवळ्या-जांभळ्यासाठी फक्त ५३. म्हणजे चांगली नजर ६/६ च्या पुढे जाते, पण तिलाही हद्द आहे. त्यापुढचे पिक्सेल पडद्यावर असतात, डोळ्याला दिसत नाहीत.

घरातला हिशोब

टीव्ही आठ फुटांवरून पाहिला, तर अंशाला साधारण इतके पिक्सेल येतात:

• ३२ इंची एचडी: ८२
• ४३ इंची फुल एचडी: ८६
• ४३ इंची ४के: १७२

पहिले दोन टीव्ही मर्यादेच्या जवळ आहेत. तिसरा तिच्या कितीतरी पुढे आहे, म्हणून फुल एचडी आणि ४के यांतला फरक आठ फुटांवरून जेमतेम जाणवेल. दहा फुटांवरून तर तिन्ही आकडे १०० च्या वर जातात. पाच फुटांवर बसलात, तर ४३ इंची फुल एचडी ५४ वर येतो आणि तिथे ४के खरोखर स्पष्ट दिसतो. शिवाय डीडी फ्री डिशवरचे बहुतेक चॅनेल साध्या दर्जाचेच येतात. पडदा ४के असला तरी येणारे चित्र तसे होत नाही.

मोबाइलचे थोडे वेगळे आहे. तो आपण फूटभर अंतरावर धरतो. साडेसहा इंची एचडी प्लस पडद्यावर ५५ च्या आसपास पिक्सेल येतात, म्हणून बारीक अक्षरांच्या कडा किंचित फुटलेल्या दिसू शकतात. उपाय सोपा आहे: सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आकार वाढवा.

नजर कमी असेल तर?

खरा मुद्दा इथे आहे. वरचे सगळे आकडे चांगल्या नजरेचे आहेत. एखाद्याची नजर ६/१८ असेल, तर त्याची क्षमता अंशाला सुमारे २० पिक्सेलवर येते. त्याला ८२ काय आणि १७२ काय, सारखेच धूसर दिसणार. आजोबांना मोतीबिंदू असेल किंवा मुलीला लांबचा नंबर असेल, तर महागडा पडदा ते भरून काढू शकत नाही. नंबर असेल तर चष्मा आणि मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया, हेच उपाय.

करापूर्वी २०,००० रुपये किमतीच्या मोठ्या टीव्हीमागे आता २,००० रुपये वाचतात. साधा चष्मा तेवढ्यात सहज होतो.

मूल टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसते, तेव्हा आपण त्याला रागावतो. पण बऱ्याचदा ते जवळ बसते कारण त्याला लांबून दिसतच नाही. काही मुलांचा एकच डोळा कमजोर असतो. दुसऱ्या डोळ्यावर त्यांचे सगळे भागते आणि घरी कोणाला कळत नाही. अशा 'आळशी डोळ्या'वर सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर सुधारणा सर्वांत चांगली होते. पुढे ती कठीण होत जाते.

घरी करून पाहा

नेहमीच्या जागी बसा. एक डोळा तळव्याने झाका (दाबू नका) आणि बातम्यांची खालची पट्टी वाचा. मग दुसरा डोळा झाकून वाचा. एका डोळ्याने धूसर दिसले किंवा दोन्हींत फरक जाणवला, तर तपासणी करून घ्या. पट्टी नीट वाचता आली तरी ही पूर्ण तपासणी नव्हे.

डोळे चुरचुरणे, जड होणे याचा पिक्सेलशी संबंध कमी असतो. एकटक पाहताना पापण्या कमी लवतात, हे त्याचे मोठे कारण. दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद पाहा. मुलांना रोज दोन तास उघड्यावर खेळू द्या. त्याने लांबचा नंबर लागण्याचा धोका कमी होतो.

कुठे जावे?

विसरवाडीचे ग्रामीण रुग्णालय किंवा नंदुरबारचे जिल्हा रुग्णालय येथे डोळे तपासणीचा वार विचारून जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा तपासणी करते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. नंबर निघालेल्या शाळकरी मुलांना शासकीय कार्यक्रमातून मोफत चष्मा मिळू शकतो.

अचानक दिसेनासे झाले, डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे वाटले, किंवा डोळा लाल होऊन खूप दुखू लागला, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असलेल्यांनी त्रास नसला तरी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा.

टीव्ही हौसेने जरूर घ्या. फक्त दुकानात जाण्याआधी घरातल्या सगळ्यांचे डोळे एकदा तपासून घ्या.