फोटोतला मर्द

वस्तीतल्या कुठल्याही व्यायामशाळेत जा. आरशाशेजारी तेलानं चकाकणाऱ्या अंगाचे फोटो टांगलेले दिसतील. छाती फुगवलेली, पोट आत, दंड वर. आपली पोरं त्यांच्याकडे बघत घाम गाळतात. गाळू द्या. अंग कमावणं गुन्हा नाही. पण हा मर्द फोटोत बसवला कुणी, हे विचारायचं की नाही?

१८९३ साली न्यूयॉर्कच्या नेपोलियन सरोनीनं युजेन सँडोचे फोटो काढले. जवळजवळ नागडा, ग्रीक पुतळ्याच्या ऐटीत. कातडी संगमरवरी दिसावी म्हणून हा बाबा अंगाला पांढरी पावडर फासायचा. त्याचे फोटो खपले आणि तो जगभर पोचला. १९०१ मध्ये ब्रिटिश म्युझियमनं त्याच्या अंगाचा प्लास्टरचा साचा घेतला. कशासाठी? युरोपीय वंशाचा अस्सल नमुना म्हणून!

आणि इकडे? १८१८ ला कोरेगावात लढलेल्या महारांची पलटणीतली भरती १८९० च्या दशकात याच इंग्रजांनी बंद केली. म्हणे, तुम्ही लढाऊ जात नाही. म्हणजे मर्द कोण, हे दंड ठरवत नव्हता. सत्ता ठरवत होती. कॅमेरा तिच्याच बाजूनं उभा होता.

आज तमाशा उलटा. स्पर्धेच्या स्टेजवर चढण्याआधी अंगाला काळपट रंग फासतात, दिव्यांच्या झोतात स्नायूंच्या रेघा उठून दिसाव्यात म्हणून. स्टेजवर काळ्या रंगाला मेडल, लग्नाच्या जाहिरातीत मात्र गोरीच पाहिजे! उन्हात रापलेल्या हमालाची पाठ कुणी टांगली भिंतीवर? डोक्यावर विटा वाहणाऱ्या आपल्या आईच्या मनगटाला कुणी ताकद म्हटलं?

शिवाय हा फोटो खोटं बोलतो. कातडी पातळ दिसावी म्हणून स्पर्धेआधी पाणी तोडतात, वर लघवीच्या गोळ्या. १९९२ साली मोहम्मद बेनाझिझा हा नामांकित बॉडीबिल्डर हॉलंडमधल्या स्पर्धेनंतर मेला. फोटोत जो सगळ्यात ताकदवान दिसतो, तो त्या घटकेला आतून पार खंगलेला असतो.

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर गेलेल्या माणसांच्या छात्यांचं माप कुणी घेतलं नव्हतं. बरेचसे अर्धपोटीच असतील. त्यांनी तळ्यात ओंजळ बुडवली, पाणी प्यायले, आणि हजारो वर्षांची व्यवस्था हादरली. ताकद म्हणतात ती ही.

म्हणून पोरांनो, जोर काढा, बैठका मारा, पोटभर खा, पोटभर पाणी प्या. पण कमावलेला दंड घरातल्या बाईवर उगारणार असाल आणि वस्तीवर हल्ला झाला की आरशामागं लपणार असाल, तर तुमच्यात अन् भिंतीवरच्या कागदात फरक काय? फोटोसाठी नको, रस्त्यावर उभं राहण्यासाठी अंग कमवा!